सुक्या कचऱ्यावर हक्क कोणाचा?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



कचऱ्याचा विषय निघाला की बहुतेक व्याख्यानांची सुरुवात नागरिकांच्या सवयींपासून होते. ओला निराळा ठेवा, सुका निराळा ठेवा, पिशवी घरून न्या, असा उपदेश होतो. शाळेतील मुलांकडून घोषणा म्हणवून घेतल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात झाडू हाती घेतलेल्या मान्यवरांचे छायाचित्र येते. हा उपदेश चुकीचा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु निराळ्या ठेवलेल्या त्या दोन डब्यांना पुढे कोणाचे हात लागतात, त्या हातांना काय मोबदला मिळतो, आणि डब्यातून निघालेला कागद, काच, पत्रा विकून येणारा पैसा अखेर कोणाच्या खिशात पडतो, हे प्रश्न उपदेशकांच्या यादीत नसतात. श्रमिकांच्या चळवळीने प्रारंभ तेथूनच करावयास हवा.

मराठी मध्यमवर्गीय घराला वस्तूंचा पुनर्वापर कोणी बाहेरून येऊन शिकविलेला नाही. महिन्याच्या अखेरीस रद्दीवाल्याला बोलावायचे, तो काट्यात मारतो म्हणून त्याच्याशी हुज्जत घालायची आणि आलेल्या पैशांत मुलांना खाऊ आणायचा, ही रीत पिढ्यांची आहे. जुन्या साड्या बोहारणीपुढे टाकून स्टीलचे पातेले मिळवताना जो सौदा चाले, त्यापुढे बाजार समितीतला लिलाव फिका पडावा. तेलाचा रिकामा डबा धान्याला आणि फाटके धोतर पायपुसण्याला जाई. मात्र या सर्व व्यवहारात एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. ज्या वस्तूला दारातच भाव येतो ती घर स्वतः विकते. जिच्यासाठी ओणवे व्हावे लागते, हात बरबटून घ्यावे लागतात, ती केराच्या डब्यात जाते. पुठ्ठ्याचे तुकडे, दुधाच्या पिशव्या, औषधांच्या बाटल्या, फुटका मग, चेपलेला पत्र्याचा डबा, अशा टाकाऊतही टाकाऊ ठरलेल्या मालावर कचरा वेचणाऱ्या बाईचा संसार उभा राहिला. घराने सोडलेला पैसा ती उचलते. आणि तो उचलते म्हणून शतकानुशतके अस्पृश्य ठरविलेल्या घरांतच तिचा जन्म झालेला असतो, हा योगायोग नव्हे.

पुण्यातील कचरावेचक स्त्रियांत मातंग व नवबौद्ध समाजांतील स्त्रियांची संख्या प्रारंभापासून मोठी आहे. १९७२ च्या दुष्काळाने गाव सोडायला लावलेली कुटुंबे त्यांत कितीतरी होती. शेतमजुरी गेली, शहरात आल्यावर बांधकामाचे काम मिळेलच असे नव्हते, आणि घरकामासाठी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात जायचे तर जात आडवी येत होती. कचराकुंडी मात्र कोणाची जात विचारीत नाही. भांडवल लागते ते एका गोणीचे. मुकादम नाही, मालक नाही. दिवसभराचे वेचले की संध्याकाळी रोख पैसे. या कामात स्वातंत्र्य आहे असे यांतील अनेक स्त्रिया सांगत आल्या आहेत. ऐकणाऱ्याला ते विचित्र वाटते. पण ज्यांनी पाटलाच्या बांधावरची मजुरी पाहिली आहे त्यांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

या स्त्रियांची संघटना कशी उभी राहिली, हा इतिहास कार्यकर्त्यांनी तपशिलाने अभ्यासावा असा आहे. एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या पुण्यातील प्रौढशिक्षण विभागात काम करणाऱ्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या १९९० च्या सुमारास कचरा वेचणाऱ्या मुलांच्या शिक्षणाच्या हेतूने वस्त्यांत गेल्या. शिक्षण देण्यास गेलेल्यांना तेथे शिक्षण मिळाले, असे म्हटल्यास वावगे होणार नाही. बायकांचे म्हणणे साधे होते. कुंडीत पडण्यापूर्वीच सुका माल हाती आला तर निम्मा दिवस वाचेल, माल स्वच्छ राहील, भाव चांगला येईल आणि पोराला बरोबर न्यावे लागणार नाही. म्हणजे ज्याला पुढे मोठमोठ्या अहवालांतून ‘उगमापाशी वर्गीकरण’ असे भारदस्त नाव मिळाले, ती मागणी पुण्यात प्रथम केली ती निरक्षर स्त्रियांनी, आणि त्यामागे होता तो पर्यावरणाचा कळवळा नसून मजुरीचा हिशेब. त्यानुसार कोरेगाव पार्क परिसरात सुमारे तीस जणींनी घरोघरून निराळा केलेला सुका कचरा गोळा करण्यास प्रारंभ केला.

आणि लगेच जे व्हायचे तेच झाले. कचऱ्यात पैसा आहे हे दिसताच एक उद्योजक मोटारगाडी घेऊन दारोदार संकलनास पुढे सरसावला. बायकांची वेठ होती तोवर ती समाजसेवा. मोटार आली की तो उद्योग! बायका हटल्या नाहीत, आणि त्यांच्या बाजूने काही रहिवासीही उभे राहिले. परंतु तीस बायकांचा प्रतिकार आज टिकला तरी उद्या टिकणार नाही, हे त्या प्रसंगाने शिकविले. हमाल पंचायतीच्या अनुभवाची शिदोरी घेऊन डॉ. बाबा आढाव सोबत होते. १९९३ च्या मे महिन्यात कचरावेचकांची परिषद भरली, शेकडो स्त्री-पुरुष जमले आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली.

नावाकडे जरा लक्ष द्यावे. त्यात कागद आहे, काच आहे, पत्रा आहे. प्लॅस्टिक नाही. १९९३ साली ज्या मालावर पोट भरत होते त्याची ती यादी आहे. त्यानंतरच्या तीस वर्षांत घराघरांतील डब्यात काय काय शिरले हे मोजायचे झाल्यास या नावापासून मोजावे.

संघटनेने पहिली मागणी केली ती ओळखपत्राची. पगार, निवृत्तिवेतन, बोनस या मागण्यांची सवय असलेल्या कामगार पुढाऱ्यांना ती किरकोळ वाटेल. पण पहाटे कुंडीपाशी वाकलेल्या बाईला चोर म्हणून हटकले जाते, सोसायटीत तांब्याची तार नाहीशी झाली की पोलीस प्रथम तिच्या झोपडीत शिरतात, कुत्री भुंकतात आणि रखवालदारही त्यांचेच अनुकरण करतो. अशा बाईच्या गळ्यात पालिकेने मान्यता दिलेले छायाचित्राचे कार्ड पडणे याचा अर्थ ती कामगार आहे, असे राज्यसंस्थेने प्रथमच कबूल करणे होय. १९९० च्या दशकाच्या मध्यास पुणे महापालिकेने ही मान्यता दिली. देशात असे करणारी ती पहिली महापालिका ठरली. कार्डामागोमाग पतसंस्था आली, तिने भंगारवाल्याच्या उचलीतून अनेकींची मान सोडविली. मुलांच्या शिष्यवृत्तीसाठी लढे झाले. पुढे महापालिकेने नोंदणीकृत कचरावेचकांच्या आरोग्यविम्याचा हप्ता भरण्याचे मान्य केले.

हा हप्ता म्हणजे दानधर्म नव्हता, हे आकड्यांनी सिद्ध झाले होते. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेसाठी २००१ साली पुण्यात जो अभ्यास झाला त्याने असा हिशेब मांडला की प्रत्येक कचरावेचक दरमहा सुमारे अडीचशे रुपयांचे श्रम महापालिकेला फुकट देते. तिने वेचलेला माल पालिकेला उचलावा लागत नाही, वाहून न्यावा लागत नाही, पुरावा लागत नाही. तेवढे डिझेल, तेवढी जमीन, तेवढे मनुष्यबळ वाचते. गरिबांवर होणाऱ्या खर्चाचा बोजा शहराला पेलत नाही, असे अंदाजपत्रकाच्या भाषणातून ऐकू येते. येथे बोजा उलट दिशेचा होता. शहरातील सर्वांत दरिद्री स्त्री महापालिकेला दरमहा अनुदान देत होती.

या हिशेबाच्या आसपासच एक नवे संकट आले, आणि गंमत अशी की ते सुधारणेच्या वेषात आले. सर्वोच्च न्यायालयातील दाव्यानंतर केंद्र सरकारने २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम केले. रस्त्यावरच्या कुंड्या हटवा, कचरा दारातून गोळा करा, असे त्यात सांगितले होते. नागरिकाच्या दृष्टीने हे चांगलेच झाले. पण कुंडी ही वेचणाऱ्या बाईची खुली खाण होती. कुंडी गेली, कचरा दारातून थेट कंत्राटदाराच्या गाडीत गेला, तर त्यावर पहिला हात कंत्राटदाराचा. गायरानाला कुंपण पडले की गुराख्याचे जे होते तेच हिचे झाले असते. पंचायतीने या धोक्याला दिलेले उत्तर महत्त्वाचे आहे. कुंड्या राहू द्या, असे तिने म्हटले नाही. दारातून कचरा गोळा करायचा आहे ना, मग ते काम आम्हीच करू, असे तिने म्हटले. प्रयोग झाले, आणि २००७ साली कचरावेचकांच्याच मालकीची ‘स्वच्छ’ ही सेवा सहकारी संस्था नोंदविली गेली. २००८ मध्ये महापालिकेशी पाच वर्षांचा करार झाला. घरे दरमहा ठराविक सेवाशुल्क थेट कचरावेचकाला देणार, सुका माल विकण्याचा हक्क तिचा राहणार, आणि ढकलगाड्या, बादल्या, हातमोजे इत्यादी साधने पालिका पुरविणार, अशी मूळ रचना. सभासद साडेतीन हजारांच्या आसपास पोहोचले.

फेरी संपल्यावर काय होते, ते पाहण्यासाठी कार्यकर्त्याने एकदा तरी वस्तीतील वर्गीकरण केंद्रात जाऊन बसावे. ‘केंद्र’ हा शब्द ऐकून पांढऱ्या इमारतीची कल्पना करू नये. पुलाखालची जागा, पत्र्याचे छप्पर, काही ठिकाणी तेही नाही. ओला कचरा पालिकेच्या गाडीत रिता केल्यावर ढकलगाडीतील सुका माल जमिनीवर ओततात आणि बाई फतकल मारून बसते. वर्तमानपत्राचा कागद एकीकडे, वहीचा पांढरा दुसरीकडे, पुठ्ठा तिसरीकडे. अखंड बाटली नगावर विकली जाते, फुटकी किलोवर. पाण्याच्या बाटलीचे झाकण वेगळ्या प्लॅस्टिकचे असते म्हणून ते काढून निराळे टाकायचे. हे प्लॅस्टिक कोणते, हे ती बोटांनी चुरगाळून आवाजावरून ओळखते. पदवीधराला प्रयोगशाळेत जे ओळखण्यास उपकरण लागेल ते तिचे कान सेकंदात ओळखतात, आणि तरीही सरकारी वर्गवारीत ती अकुशल! यानंतर माल भंगाराच्या दुकानात जातो, तेथून मोठ्या व्यापाऱ्याकडे, तेथून कागद वापीसारख्या ठिकाणच्या गिरण्यांत, प्लॅस्टिक दाणा पाडणाऱ्या कारखान्यांत. धारावीतल्या तेरा कंपाउंडमध्ये ज्यांनी हा दाणा पडताना पाहिला आहे त्यांना ठाऊक आहे की या साखळीतील पुढचे कामगारही काही सुखात नाहीत. प्रत्येक पायरीवर मालाची किंमत वाढते, आणि ती सर्वांत कमी असते ती पहिल्या पायरीवर, जेथे सर्वांत अधिक श्रम झालेले असतात. ऊस आणि दूध यांच्या राजकारणात वाढलेल्या महाराष्ट्राला हे गणित नवे नाही. पंचायतीने स्वतःची भंगार दुकाने चालविण्याचे धाडस केले ते याच कारणाने: काटा खरा आणि नफ्यातला वाटा पुन्हा वेचणाऱ्यांकडे.

आता त्या पत्र्याच्या छपराचे मोल लक्षात येईल. कागद ओला झाला की त्याचा भाव पडतो आणि व्यापारी वजनही ओलीच्या नावाने कापतो. पावसाळ्यात छप्पर नसलेल्या केंद्रातील बाईची कमाई अक्षरशः वाहून जाते. माल साठवायला कुलूपबंद जागा नसेल तर तो रोजच्या रोज, मिळेल त्या भावाला, जवळच्या दुकानात घालावा लागतो. जागा असेल तर आठवडाभराचा माल एकत्र करून वरच्या व्यापाऱ्याशी बोलता येते. म्हणून केंद्राची जागा हा सोयीचा प्रश्न नसून तो सौदाशक्तीचा प्रश्न आहे. २०१६ च्या केंद्रीय नियमांनी कचरावेचकाची व्याख्या केली आणि सुका माल निराळा करण्यासाठी पुरेशी जागा असलेली केंद्रे उभारणे, व तेथे कचरावेचकांना काम करू देणे, हे स्थानिक संस्थांचे कर्तव्य ठरविले. कागदावर मिळालेला हा मोठाच विजय. पण महानगरात दोनशे चौरस फूट जागा मिळविणे हे नियम मिळविण्याहून कठीण असते. वर्गीकरण केंद्र हवे, पण या सोसायटीच्या समोर नको, या मंदिरामागे नको, या बागेजवळ नको, असे म्हणणारे नागरिक हेच पुष्कळदा पर्यावरण दिनाच्या फेरीत पुढे असतात. त्यांत पुरोगामी नागरिकही असतात, हे अभ्यासवर्गात तरी स्पष्ट बोललेले बरे.

शहरातल्या त्या दोनशे फुटांना नकार मिळाला की मग कचरा कोठे जातो? तो गावात जातो. पुण्याचा कचरा कोथरूडला पडत असे. कोथरूड शहर झाले तसा तो उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या शिवारात जाऊ लागला. तेथील विहिरींचे पाणी खराब झाले, डोंगराएवढे ढीग उभे राहिले, ढिगांना आगी लागल्या, ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या, आश्वासने घेतली, पुन्हा गाड्या अडविल्या. मुंबईचे देवनार १९२७ पासून हेच सोसत आले. जानेवारी २०१६ मध्ये तेथील आगीचा धूर शहरावर पसरला आणि शाळा बंद ठेवाव्या लागल्या, तेव्हा उच्चभ्रू वस्त्यांना प्रथम देवनारचे नाव कळले. ढिगाखाली कुजतो तो मुख्यतः ओला कचरा. आणि आपल्याकडील घरगुती कचऱ्यात वजनाने निम्म्याहून अधिक भाग त्याचाच असतो. वस्तीतच त्याचे खत वा वायू झाला तर गावावर जाणारे ओझे अर्ध्याने उतरते. दोन डब्यांचा उपदेश येथे प्रथमच राजकीय अर्थ धारण करतो: भाजीच्या देठात मिसळलेली दुधाची पिशवी ही एका बाजूला वेचणारीच्या मजुरीतील कपात असते आणि दुसऱ्या बाजूला फुरसुंगीच्या विहिरीवरचे आक्रमण.

मोठ्या यंत्राने हा सारा व्याप एका झटक्यात मिटेल, अशी आशा दर काही वर्षांनी प्रशासनाला होते. दिल्लीत तिमारपूर येथे १९८७ साली डॅनिश तंत्रज्ञानाने कचरा जाळून वीज निर्माण करण्याचे केंद्र उभारले गेले. ते जेमतेम तीन आठवडे चालले. भारतीय कचऱ्यात जळण्यासारखे पुरेसे नव्हते आणि ओल मात्र भरपूर होती. त्यापासून धडा हा घेतला गेला की कचऱ्यात कागद आणि प्लॅस्टिक राहू दिले पाहिजे, म्हणजे तो जळेल. अर्थात जो माल बाईने वेचून विकायचा तोच भट्टीला हवा असतो. भट्टी आणि बाई यांच्यात समन्वय होऊ शकतो, असे सांगणाऱ्यांनी तो कोणत्या मालावर होणार हे आधी सांगावे. जी वेफरची आणि गुटख्याची पाकिटे कोणी विकत घेत नाही तेवढीच भट्टीत जाणार असतील तर गोष्ट निराळी. पण तेवढ्यावर कोणताही गुंतवणूकदार यंत्र आणीत नाही.

या न विकल्या जाणाऱ्या मालाचा प्रश्न तर वेगळाच आहे. वेचणारी बाई तो उचलते, वाहते, निराळा करते आणि त्याचे तिला काहीच मिळत नाही. जो उत्पादक असे वेष्टन बाजारात आणतो त्याने त्याची जबाबदारी घ्यावी, हे तत्त्व कायद्याने मान्य केले आहे. पुण्यातील कचरावेचकांनी २०१३ साली या तत्त्वाची आठवण एका न विसरण्याजोग्या पद्धतीने करून दिली. वापरलेले सॅनिटरी पॅड उघडेच डब्यात टाकले जात आणि ते हाताने निराळे करावे लागत. पत्रांना उत्तरे मिळेनात, तेव्हा त्यांनी ते पॅड पिशव्यांत भरून बनविणाऱ्या कंपन्यांकडेच परत धाडले. त्यापूर्वीपासून त्या स्वतः जुन्या वर्तमानपत्रांच्या पिशव्या करून घरोघर विकत होत्या. पुढे २०१६ च्या नियमांनी पॅडसोबत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. मात्र उत्पादकांच्या जबाबदारीतून जो पैसा निर्माण होतो त्याची वाट कोणीकडे जाते ते पाहा. २०२२ साली प्लॅस्टिक वेष्टनांसाठी केंद्राने जी पद्धत आणली तीत प्रमाणपत्रे मिळतात ती नोंदणीकृत प्रक्रिया उद्योगांना, आणि ती विकताही येतात. माल जिने चिखलातून उचलला तिचे नाव त्या प्रमाणपत्रावर कोठेही नसते. त्याच्या आदल्या वर्षी, २०२१ मध्ये, प्लॅस्टिक भंगारावरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवरून अठरा टक्क्यांवर नेण्यात आला होता. साखळीत वरून टाकलेला कराचा भार खाली सरकत सरकत शेवटी कोणाच्या काट्यावर उतरतो, हे निराळे सांगण्याची आवश्यकता नाही.

चळवळीतूनच घेतल्या जाणाऱ्या दोन आक्षेपांचा प्रामाणिकपणे विचार केला पाहिजे. पहिला जातीचा. घाणीचे काम ज्यांच्या माथी जातीने मारले, त्यांच्याच हाती ढकलगाडी देऊन तिला सहकार म्हणायचे, ही मुक्ती कसली? हा आक्षेप टाळता येणार नाही. अप्पासाहेब पटवर्धनांनी १९३२ साली तुरुंगात भंगीकाम मागून घेतले आणि त्यासाठी उपोषण केले, तेव्हा त्यांना हेच म्हणायचे होते की जोवर हे काम एकाच जातीचे आहे तोवर त्याची घाण जाणार नाही. पण सवर्ण समाज कचरा उचलावयास पुढे येईपर्यंत आजच्या बाईने काय करावे? तिच्या हातून काम काढून घेऊन कंत्राटदाराला दिले तर कंत्राटदार त्याच वस्तीतून, त्याच जातीतून, कमी मजुरीवर मुले आणतो. जात जागच्या जागी राहते, फक्त मालाचा हक्क जातो. उलट, दाराशी ठरलेल्या वेळी, ठरलेल्या पोशाखात, ठरलेल्या शुल्कावर येणाऱ्या बाईशी घरातील माणसाला नावाने बोलावे लागते. ती मुलीला शाळेत धाडू शकते. एवढ्याने जात मोडत नाही. तरी ज्या मुली या कामात आल्या नाहीत त्यांची गणती कधीतरी व्हावयास हवी.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. कचरा उचलणे हे पालिकेचे बंधनकारक काम असताना कामगाराला पालिकेचा कायम नोकर का करू नये? नागरिकाच्या मर्जीवर, शुल्काच्या वसुलीसाठी तिने दारोदार का हिंडावे? मुंबईतील कचरा वाहतूक श्रमिक संघाने हा दुसरा मार्ग धरला. कंत्राटावर राबणाऱ्या सफाई कामगारांचा लढा त्यांनी वर्षानुवर्षे न्यायालयांतून चालविला आणि एप्रिल २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २,७०० कामगारांना कायम करण्याचा निर्णय दिला. ही थोर लढाई होती. तिच्याकडे पाहिले म्हणजे पुण्याच्या रचनेतील उणीव झाकून राहत नाही: तेथे निवृत्तिवेतन नाही, भविष्यनिर्वाह निधी नाही, आजारपणाच्या दिवसाचा मोबदला नाही. २०२० च्या टाळेबंदीत या स्त्रिया रोज कामावर होत्या. पण भंगाराची दुकाने बंद असल्याने त्यांच्या उत्पन्नाचा मोठा भाग बुडाला. पालिकेच्या कामगाराला त्या महिन्यांत पगार मिळत होता.

तथापि दोन मार्ग एकमेकांच्या विरुद्ध उभे करणे चुकीचे ठरेल. पालिकेने कायम नोकरी देताना शिक्षणाची, वयाची, कागदपत्रांची अट घातली की पन्नाशीची निरक्षर बाई प्रथम गळते. सुका माल पालिकेच्या मालकीचा झाला की पगाराबाहेरचे तिचे उत्पन्न थांबते. म्हणून सुक्या मालावरील हक्क वेचणारीचा, आणि त्याखेरीज संकलनाच्या सेवेसाठी सार्वजनिक निधीतून सामाजिक सुरक्षा, अशी दुहेरी मागणी हीच न्याय्य होय. माथाडी हमालालाही एके काळी कोणी एक मालक नव्हता. तरी १९६९ च्या कायद्याने मंडळ स्थापून, मालाच्या व्यवहारावर लेव्ही बसवून, भविष्यनिर्वाह निधीची तरतूद झालीच. वेष्टने विकून नफा कमावणारे आणि प्रमाणपत्रांचा व्यापार करणारे उद्योग आज डोळ्यांसमोर असताना अशी लेव्ही कोणावर बसवायची हा प्रश्न पडण्याचे कारण नाही.

करार मात्र करारच असतो. २०२० च्या अखेरीस ‘स्वच्छ’च्या कराराची मुदत संपली तेव्हा काम तात्पुरत्या मुदतवाढींवर चालू राहिले, खाजगी ठेकेदार आणण्याची भाषा पालिकेत सुरू झाली, आणि कचरावेचकांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. ज्या घरांतून त्या कचरा उचलीत होत्या त्यांतील कितीतरी नागरिकांनी त्यांच्या बाजूने पत्रे लिहिली. तीस वर्षांपूर्वी कोरेगाव पार्कात घडले तेच मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडले. यापुढेही प्रत्येक मुदतीच्या शेवटी घडणार, कारण कचऱ्यातला पैसा वाढतोच आहे.

तेव्हा आपल्या प्रभागापुरते काम काय, हे ठरवून उठावे. पक्षाच्या कार्यालयातील आणि कार्यकर्त्यांच्या घरातील डबे प्रथम पाहावेत. तेथे चहाच्या चोथ्यात वर्तमानपत्र सापडले तर पुढचे बोलण्याचा अधिकार राहत नाही. प्रभागात वर्गीकरणाची जागा कोठे आहे, तिला छप्पर आहे का, पाणी आहे का, स्त्रियांसाठी शौचालय आहे का, मालाला कुलूप लागते का, याची पाहणी करून कागदावर उतरवावे. विकास आराखड्यात त्यासाठी आरक्षण नसेल तर हरकतींच्या मुदतीत ती मागणी नोंदवावी. मुदत उलटल्यावर मोर्चा काढून उपयोग होत नाही. आणि महापालिका असो की नगरपरिषद, कचऱ्याच्या ठेक्याचा करारनामा माहितीच्या अधिकारात मागवून घ्यावा. त्यात दोन गोष्टी शोधाव्यात. ठेकेदाराला पैसे टनावर मिळतात का? मिळत असतील तर कचरा कमी करण्यात किंवा निराळा करण्यात त्याला काडीचाही रस असणार नाही. आणि दुसरे, सुक्या मालाची मालकी कोणाला दिली आहे? हे कलम बहुधा शेवटच्या पानांवर, परिशिष्टात, लहान अक्षरांत असते.